वाचकांचे प्रश्न : बाँडचा कोट उतरवल्यावर

प्रश्न : पूर्वी जेम्स बाँड झालेल्या नटाचा नवा अ‍ॅक्शनपट लागला की आम्ही सहा मित्र पहिल्याच रविवारी जातो. परतताना तर्री-पोह्याच्या गाडीवर निम्मे जण म्हणतात, 'बाँडची मजा नाही आली.' आमचीच अपेक्षा चुकते का?
– एक वाचक, महाल

उत्तर : अर्धी चुकते. बाँडची धून, बंदुकीच्या नळीतून होणारी सुरुवात, ००७ हा आकडा, हे सगळं निर्मात्यांच्या मालकीचं. नटाबरोबर ते येत नाही. १९८३ साली शॉन कॉनरी १२ वर्षांनी पुन्हा बाँड झाले, पण मूळ निर्मात्यांच्या बाहेर, 'नेव्हर से नेव्हर अगेन'मध्ये. भूमिका खुद्द बाँडची, तरी ना ती धून वाजली ना ती नळी दिसली. त्याच वर्षी रॉजर मूर यांचा, उदयपुरात चित्रित झालेला 'ऑक्टोपसी' आला, त्यात दोन्ही होतं.

पिअर्स ब्रॉस्नन यांचं उदाहरण तुमच्या प्रश्नाला जास्त जवळचं. शेवटचा बाँड २००२ मध्ये, आणि 'द नोव्हेंबर मॅन' २०१४ मध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी. बेलग्रेडमध्ये चित्रित झालेल्या या चित्रपटात निवृत्त हेर आणि त्यानेच तयार केलेला चेला समोरासमोर येतात. इथे बाँडचं चमत्कारी घड्याळ शोधणारा हिरमुसणारच. 'द फॉरेनर' (२०१७) तर ब्रॉस्नन यांच्या पहिल्या बाँडपटाच्याच दिग्दर्शकाचा, मार्टिन कॅम्पबेल यांचा. पण हाणामारी जॅकी चॅन यांच्या वाट्याला, ब्रॉस्नन आयरिश राजकारणी. त्यांची घुसमट चेहऱ्यावर दिसते, आणि तीच बघायची.

साठीतल्या नटाची मारामारी मुद्दाम आखडती बसवतात : अरुंद खोली, तीन-चार फटके, मग पिस्तूल किंवा गाडी. ही फसवणूक नव्हे. त्याने प्रेक्षकाला दिलं पाहिजे ते एकच, प्रत्येक फटक्यामागचं कारण. ते नसेल तर तुमची तक्रार रास्त आहे.

प्रश्न : ट्रेलरवरून अ‍ॅक्शन कितपत खरी आहे हे कळतं का?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : बरंचसं कळतं. संगणकावर यूट्यूबला ट्रेलर लावा, थांबवा आणि कीबोर्डवरची पूर्णविरामाची कळ दाबत जा. चित्र एकेक फ्रेम पुढे सरकतं. स्वल्पविरामाची कळ मागे नेते. चित्रपट साधारणपणे सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, म्हणून एका कटपासून दुसऱ्या कटपर्यंतच्या फ्रेम मोजा. हात उचलला, कट, जबडा वळला, कट, माणूस पडला, आणि प्रत्येक तुकडा जेमतेम १२ फ्रेमचा, तर ती मारामारी संकलकाच्या टेबलावर झाली असं समजा. उलट डोक्यापासून पायापर्यंत दोघं दिसतात, नटाचा चेहरा ओळखू येतो आणि शॉट तीन सेकंद, म्हणजे ७२ फ्रेम टिकतो, तर तालीम कसून झाली आहे. ट्रेलर मुळातच चित्रपटापेक्षा वेगाने कापलेला असतो, त्यामुळे असा एक शॉटही पुरेसा.

ठोसा खरा बसत नसतो. मूठ जबड्यापासून वीतभर पुढून जाते. कॅमेरा एकाच्या पाठीमागे असला की ते अंतर डोळ्याला दिसत नाही; तो जरा बाजूला सरकला की फट उघडी पडते. तिथे फ्रेम थांबवा. नट खांबाआड जातो आणि पलीकडून पाठमोरा बाहेर पडतो, तिथे कानाचा आकार आणि मानेवरची केसांची रेघ ताडून बघा. माणूस बदललेला सापडेल.

मात्र बदली स्टंटमन असणं हा दोष मानू नका. ब्रॉस्नन यांच्या पहिल्या बाँडपटातली, 'गोल्डनआय'मधली, स्वित्झर्लंडच्या धरणावरची २२० मीटरची उडी वेन मायकल्स यांनी मारली होती आणि आजही ती बघताना पोटात गोळा येतो.

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा आहे, सोबत नेता येईल का?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : आधी प्रमाणपत्र बघा. 'ए' असेल तर १८ खालच्यांना प्रवेश नाही, आईवडील सोबत असले तरी. २०२४ च्या नियमांनुसार 'यूए'चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. हे आकडे पालकांच्या मार्गदर्शनासाठी आहेत. १६+ असला तरी निर्णय तुमचा. तिकीट काढताना भाषाही तपासून घ्या, एकाच चित्रपटाचे हिंदी आणि इंग्रजी खेळ वेगवेगळ्या वेळी असतात.