वाचक विचारतात : माल्कम पेठेतला बटाटा आणि चिनी कैदी

प्रश्न (कऱ्हाडहून एक वाचक) : महाबळेश्वरच्या बाजाराला माल्कम पेठ का म्हणतात? इंग्रजांच्या वेळी तिथं नेमके कोणते धंदे चालायचे? आमचे आजोबा सांगायचे की तिथला बटाटा चिनी कैद्यांनी लावला. हे खरं की थाप?

उत्तर : आजोबा खरं बोलत होते. पण आधी पेठेचं सांगतो, म्हणजे कैद्यांचं नीट लक्षात येईल.

मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम, त्याच्या नावाची ही पेठ. डोंगर होता साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांचा. 1829 साली वाईकडच्या खंडाळा गावाच्या बदल्यात इंग्रजांनी तो घेतला. जुनं महाबळेश्वर म्हणजे कृष्णेच्या उगमाचं देवस्थान, ते वेगळं आणि कितीतरी जुनं. तिथं यात्रेकरू होते, गुरव-ब्राह्मण होते. साहेबाला लागणारं मात्र काहीच नव्हतं, म्हणजे पाव नाही, बटाटा नाही, घोड्याला नाल मारणारा नाही आणि टेबलखुर्ची तर नाहीच नाही. त्यामुळे पेठेतला जवळजवळ सगळा धंदा खालून वर चढवून आणावा लागला, आणि आणलेल्यांत कैदी पण होते.

मलाक्का-सिंगापूरकडच्या इंग्रजी वसाहतींत शिक्षा झालेले चिनी आणि मलायी लोक इथं पाठवत. 1834 च्या सुमारास त्यांच्यासाठी तुरुंग झाला तो 1864 पर्यंत चालला. तुरुंग म्हटल्यावर आपल्या डोळ्यापुढे गजाआडची कोठडी येते, पण हे लोक रस्त्याच्या कामाला जात, बागा करत. बटाटा आणि इतर विलायती भाजी त्यांनी पिकवली आणि वेताच्या टोपल्या-खुर्च्या विणायला त्यांनीच इथल्या लोकांना शिकवलं. चायनामन धबधबा बघितलाय ना? तिकडं त्यांच्या बागा होत्या, नाव त्यावरूनच पडलं. आता गाईड तिथं फोटो काढायला सांगतात आणि पुढच्या पॉइंटकडे निघतात, हे सांगत नाहीत. वेताची खुर्ची कधी उलटी करून बघा, बसायची जाळी नव्हे, खालचा पाय जिथं आडव्या काठीला बांधलेला असतो तिथं बघा, खिळा कुठंच नसतो, नुसती वेताची चपटी पट्टी फिरवून फिरवून आवळलेली असते आणि शेवटचं टोक आत खुपसून दिलेलं असतं. आमच्याकडची एक पन्नास वर्षं तरी झाली, जाळी तीनदा बदलली पण ती गाठ सुटली नाही.

हे झालं आलेल्यांचं. जे धंदे आधीपासून होते त्यांचं काय झालं ते कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो. या डोंगरावर धावड राहायचे, लोखंडाचा दगड गाळून लोखंड काढणारे लोक. भट्टीला कोळसा लागतो, कोळशाला लाकूड, आणि इंग्रजांनी जंगल राखायला घेतल्यावर लाकूड महागलं. भट्ट्या थंड झाल्या. गवळ्यांचं तसं नाही झालं, कारण साहेबाच्या चहाला दूध लागतच होतं! म्हणजे जो धंदा बंगल्याच्या मागच्या दाराशी जोडता आला तो टिकला, बाकीचे गेले.

प्रश्न (पुण्याहून एक वाचिका) : पण इतक्या वर माल कसा न्यायचे? आणि एवढ्या पावसात दुकानं चालायची का?

उत्तर : ताई, पावसात दुकानं चालत नसत, सरळ गोष्ट आहे. वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथं गिऱ्हाईक कुठून येणार? धंदा उन्हाळ्याचा, आणि थोडा दिवाळीच्या आगंमागं. एप्रिल-मे मध्ये गव्हर्नर कचेरीसकट वर यायचा, मग त्याच्यामागून कारकून, खानसामे, आया, धोबी, भिश्ती, माळी, न्हावी, शिंपी, आणि या सगळ्यांना पोटाला घालणारा वाणी. पावसाची पहिली चाहूल लागली की सगळे उतरायचे. मागे राहणारे घरांना गवताच्या झडी बांधत, भिंतीला पाणी लागू नये म्हणून. दोन-अडीच महिन्यांत वर्षाची कमाई करायची म्हणजे भाव चढे असणारच, त्यामुळे हिल स्टेशनवर लुटतात ही तक्रार काही आजची नाही.

मालाचं म्हणाल तर मुंबईचा माणूस बोटीनं सावित्रीच्या खाडीत दासगावपर्यंत यायचा, तिथून महाड-पोलादपूर करून घाट चढायचा. पुढं फिट्झगेराल्ड घाट झाला, तोच आपला आंबेनळी. आधी मात्र मेणे आणि हमाल, म्हणजे साहेब मेण्यात आणि साहेबाच्या पेट्या माणसांच्या डोक्यावर. 1880 च्या दशकात पुण्याकडून रेल्वे झाली, मग वाठार स्टेशनला उतरायचं आणि टांग्यानं वाई, पसरणी घाट, पाचगणी करत वर, साठेक किलोमीटर. वाटेत टप्प्याटप्प्याला घोडी बदलायची. म्हणजे त्या रस्त्यावर नालबंद आणि दाणावैरणवाला यांचीही दिवाळी.

प्रश्न (साताऱ्याहून, नाव छापू नका म्हणालेत) : वेण्णा तलाव इंग्रजांनीच बांधला ना?

उत्तर : नाही हो. साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी, 1842 साली. साताऱ्याच्या माणसानं हे विचारावं म्हणजे कमाल आहे, नाव छापलं नाही ते बरंच केलं.

प्रश्न (तेच वाचक) : आणि स्ट्रॉबेरी?

उत्तर : ती इंग्रजांची, तुम्ही म्हणता तसं. पण आज जी मलईत घालून खाताय ती वाणं नंतरची, आणि 2010 साली महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला जीआय, म्हणजे ठराविक भागातल्या मालाला मिळणारं सरकारी मानांकन, मिळालं ते इथल्या शेतकऱ्यांच्या कष्टावर. जाल तेव्हा तलावाजवळच्या रस्त्यावर नको, भिलारकडे जाऊन सकाळी घ्या. दवानं ओली असते तेव्हा टोपली झाकू नका, घरी पोचेपर्यंत खालचा थर मऊ पडतो.