सोलर स्वस्त की कोळसा, हिशोब मांडण्याआधी

मित्रा, २.४४ रुपये युनिट हा आकडा बघून लगेच सोलर जिंकलं म्हणू नकोस. तो २०१७ च्या, राजस्थानातल्या भडला सोलर पार्कच्या लिलावातला दर आहे, तोही ऊन असतानाच्या विजेचा. संध्याकाळी सातला घरोघरी दिवे, पंखे, एसी सुरू होतात तेव्हा पॅनल काही देत नाही, मग बॅटरी नाहीतर पंप स्टोरेज (पाणी वर चढवून ठेवायचं, नंतर खाली सोडून वीज करायची) नाहीतर कोळशाचा प्लांट तयार ठेवावा लागतो, तो खर्च पण धर.

पण मग कोळशालाही तोच नियम लाव ना! कोळशाच्या वीज खरेदी करारात बहुतेक वेळा दराचे दोन भाग असतात, इंधनाचा खर्च आणि स्थिर आकार, म्हणजे प्लांट उभारून तयार ठेवण्याचे पैसे, वीज उचलली नाही तरी स्थिर आकार द्यावाच लागतो, नवीन लोक हाच विसरतात. आणि चंद्रपूरचं २९२० मेगावॅटचं केंद्र घे, तिथली राख, धूर, लोकांचा दवाखान्याचा खर्च कुठल्याच युनिटच्या दरात दिसत नाही. धुरातलं गंधक काढणारी एफजीडी यंत्रणा बसवायचा नियम २०१५ चा, मुदती वाढत गेल्या आणि २०२५ मध्ये बऱ्याच प्लांटना सूटच मिळाली. मला हे फार खटकतं. आधी संध्याकाळच्या युनिटची तुलना कर, दुपारची नंतर.