डॉलर निघून जाऊ लागतात तेव्हा

प्रश्न : परदेशी गुंतवणूकदारांनी एकदम पैसे काढून घेतले की रुपया गडगडतो. मग रिझर्व्ह बँक गंगाजळीतले डॉलर विकून तो सावरत का नाही?
– एक वाचक, सांगली

उत्तर : विकते, पण नुसतं तेवढ्यानं भागत नाही. २०१३ साली मी फोर्टमधल्या एका बँकेत परकीय चलनाचं काम बघत होतो. २२ मे रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष बेन बर्नान्के यांनी रोखे विकत घेऊन बाजारात पैसा ओतणं आवरतं घेण्याचे संकेत दिले. आता तिकडेच व्याज वाढणार म्हणून आपल्या रोख्यांतला परदेशी पैसा निघू लागला. २०१२-१३ मध्ये चालू खात्यावरची तूट, म्हणजे आयात वगैरेंसाठी बाहेर जाणारे डॉलर निर्यात वगैरेंतून येणाऱ्या डॉलरपेक्षा जितके जास्त ती रक्कम, जीडीपीच्या ४.८ टक्के होती. तेल-सोन्याची बिलं आपण याच बाहेरून येणाऱ्या पैशावर भागवत होतो.

२८ ऑगस्टला डॉलर ६८ रुपयांच्या वर गेला. यंत्रमागांचे सुटे भाग मागवणारे भिवंडीचे एक गिऱ्हाईक फोनवर सारखं विचारत होते, "साहेब, आजच डॉलर बुक करू का?" म्हणजे पुढे लागणाऱ्या डॉलरचा दर आजच पक्का करू का. घाबरलेला प्रत्येक आयातदार आजच बुक करतो, निर्यातदार डॉलर रोखून धरतो आणि घसरण वाढत जाते. म्हणून त्याच दिवशी सरकारी तेल कंपन्यांना थेट रिझर्व्ह बँकेकडून डॉलर देण्याचा जो निर्णय झाला, तो मला फार मोलाचा वाटतो. सगळ्यात मोठा खरेदीदारच बाजारातून बाजूला झाला.

त्याआधी रुपये महाग करून डॉलरवरचा सट्टा रोखायला जुलैत बँकांच्या तातडीच्या कर्जाचा दर १०.२५ टक्क्यांवर नेला होता, आणि सोन्यासाठी जाणारे डॉलर वाचवायला ऑगस्टमध्ये सोन्यावरचं आयात शुल्क १० टक्के केलं होतं. महाग कर्जाची झळ लहान कारखानदारांनी सोसली, हे कुणी विसरू नये.

सप्टेंबरात रघुराम राजन गव्हर्नर झाले आणि अनिवासी भारतीयांच्या डॉलर ठेवींची योजना आली. ठेव किमान तीन वर्षांची. बँकेनं ते डॉलर रिझर्व्ह बँकेला देऊन रुपये घ्यायचे आणि मुदत संपली की ठरलेल्या दरानं डॉलर परत मिळवायचे. या अदलाबदलीचा बँकेला खर्च वर्षाला ३.५ टक्के. मधल्या काळात रुपया कितीही घसरला तरी तो धोका रिझर्व्ह बँकेच्या माथी. परदेशी बँकांनी तर ठेवीदारांना ठेव ठेवायलाच कर्जं दिली. या ठेवींतून सुमारे २६ अब्ज डॉलर आले.

पण ही उसनवारीच होती. खरा आधार तूट घटल्याचा. २०१३-१४ मध्ये ती १.७ टक्क्यांवर आली. ठेवी २०१६ च्या अखेरीस फेडायच्या होत्या. रिझर्व्ह बँकेनं आधीपासून वायद्यानं, म्हणजे पुढच्या तारखेला ठरल्या दरानं मिळतील असे, डॉलर घेऊन ठेवले होते, म्हणून ती परतफेड सुरळीत पार पडली.