चारशे मीटर की फुटबॉल?

प्रश्न : बाई, माझी मुलगी नववीत आहे. चारशे मीटर पळते आणि शाळेच्या फुटबॉल संघात डावीकडून खेळते. धावण्याचे सर म्हणतात, दिवाळीपर्यंत काय ते एक ठरव, दोन्ही डगरींवर हात ठेवून कुणाचं भलं झालेलं नाही. सासूबाई म्हणतात, दोन्ही सोडा, पुढच्या वर्षी दहावी. मुलीने कपाटावर साल्मा नावाच्या कुणा स्पॅनिश खेळाडूचा फोटो चिकटवलाय. ‘ती पण दोन्ही करायची’ एवढंच तिचं उत्तर. हे खरं आहे का? असलं तर मी काय करू?
— एक आई, काळाचौकी

उत्तर : खरं आहे. लेकीने माणूस बरोबर हेरलाय.

साल्मा पारायुएलो सारागोसाची. जन्म नोव्हेंबर २००३, वडील स्पॅनिश, आई इक्वेटोरियल गिनीची. २०१८ च्या अखेरीस उरुग्वेमध्ये स्पेनने १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक जिंकला, त्या संघात ही होती. पुढच्याच मार्चमध्ये, पंधराव्या वर्षी, ग्लासगोला युरोपियन इनडोअर स्पर्धेत मोठ्या बायकांबरोबर धावली. त्याच उन्हाळ्यात बाकूला युरोपियन युवा ऑलिंपिक महोत्सवात ४०० मीटर अडथळ्यांचं सुवर्ण घेतलं. तिलाही कुणी दिवाळीपर्यंतची मुदत दिली असेल, तर तिने ती मनावर घेतलेली दिसत नाही.

एकाची निवड तिने केली ती २०२२ मध्ये, बार्सिलोनाकडे आली तेव्हा. वय अठरा. ट्रॅक सुटला, पण पायातला वेग कुठे जातो? त्या ऑगस्टमध्ये २० वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जपानवर तिचे दोन गोल. २०२३ च्या मोठ्या विश्वचषकात नेदरलँड्सविरुद्ध ती बदली म्हणून उतरली. सामना जादा वेळेत गेलेला, मिनिट १११ वं. डावीकडून आत शिरली, बचाव करणारीला चकवलं आणि डाव्या पायाने मारलेला चेंडू खांबाला लागून आत. हा गोल मी चारदा तरी लावून पाहिलाय. चारशेच्या शेवटच्या शंभर मीटरला पाय दगड होतात, तरी पळायचं असतं, हे तिच्या पायांना आधीच माहीत होतं असं मला वाटतं. उपांत्य सामन्यातही स्वीडनवर बदली म्हणून येऊनच गोल. मग सिडनीत इंग्लंडला १-० हरवून कप. सतरा, वीस आणि मोठा असे तिन्ही विश्वचषक जिंकणारी ती पहिली. २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी सर्वोत्तम फुटबॉलपटूला मिळणाऱ्या बॅलन डी’ओरमध्ये तिसरी.

आता फोटोत न दिसणारी बाजू. २०२१ मध्ये व्हियारेआलकडून खेळताना तिच्या गुडघ्याचा एसीएल गेला. गुडघ्याची हाडं बांधून ठेवणारा हा अस्थिबंध फुटबॉलमध्ये मुलांपेक्षा मुलींचा जास्त तुटतो, आणि तुटला की सहा-नऊ महिने, कधी वर्ष जातं. दोन खेळांमुळेच तसं झालं असं मी म्हणणार नाही. पण दमलेल्या पायांवर झटकन वळायला लावलं की काय होतं, ते मैदानावर मी पाहिलंय. म्हणून मला विचाराल तर काळजी ‘एक की दोन’ची करू नका. मंगळवारी सकाळी ट्रॅकवर दम निघाला आणि संध्याकाळी मॅच, असं होत असेल तर त्याची करा. दोन्ही सरांना एकदा समोरासमोर बसवा. एका दिवशी एकच जोराचं काम, आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी. फुटबॉलच्या आधी वीस मिनिटं ‘फिफा ११ प्लस’चे, म्हणजे दुखापत टाळण्यासाठीचे व्यायाम: एका पायावर तोल, उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणं वगैरे. त्याला खर्च काही नाही.

आणि सर रागावले तर माझं उदाहरण सांगा. मी शाळेत पी.टी. शिकवत होते तेव्हा लांब उडीतल्या एका मुलीला खो-खोसाठी उडी सोडायला लावली. संघाला पळणारी हवी होती, म्हणजे मला हवी होती. दहावी यायच्या आत तिने खो-खोही सोडला.

ऑक्टोबर २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींचा अंतिम सामना आपल्या दारात झाला, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, स्पेन विरुद्ध कोलंबिया. चार मुलींना घेऊन हार्बरने गेले होते. साल्मा त्यात नव्हती, तिचं वय उलटून गेलं होतं. सामन्यात एकच गोल, ८२ व्या मिनिटाला, आणि तोही कोलंबियाचा स्वयंगोल! परतीच्या गाडीत माझ्या पोरी कुर्ल्यापर्यंत भांडत होत्या, असा कप जिंकलेला खरा की नाही म्हणून.

सासूबाईंना सांगा, दहावीचं वर्ष अजून पुढे आहे. तेव्हा सराव कमी करता येईल, बंद करायची गरज नाही. लेकीला मात्र २०२५ ची युरो स्पर्धाही दाखवा. बासेलला इंग्लंडविरुद्धची फायनल पेनल्टींवर गेली आणि साल्माने मारलेला चेंडू गोलच्या बाहेरून गेला. कपाटावर त्याचाही फोटो असू दे. दिवाळीनंतर वेळापत्रक कसं बसलं ते कळवा, आणि गुडघा दुखतोय असं ती एकदा जरी म्हणाली तर दिवाळीचीही वाट बघू नका.