भावाच्या आजारासाठी बहिणीची तिसरी नीट?

पत्र: मुलगी एसवायबीएस्सीला आहे. नीट दोनदा दिली, दुसऱ्या वेळी ४१० गुण. धाकट्या मुलाला (वय १३) अल्पोर्ट सिंड्रोम, म्हणजे मूत्रपिंड हळूहळू निकामी करणारा आनुवंशिक आजार आहे. मुलगी म्हणते, मूत्रपिंडाची गाळणी बनते कशी यावर संशोधन करायचंय. आम्हाला वाटतं, डॉक्टर झाली तर भावाला बरं करेल. बीएस्सी सोडवून तिला वर्षभर लातूरला ठेवू का?
— एक वडील, सांगली जिल्हा

नमस्कार,

नका ठेवू. तुमच्या पत्रात मला ४१० गुण खटकले नाहीत, 'भावाला बरं करेल' हे शब्द खटकले. विशीतल्या मुलीच्या डोक्यावर एवढं ओझं दिलंत, तर सराव परीक्षेतलं चुकलेलं प्रत्येक उत्तर तिला भावाच्या जिवावर बेतल्यासारखं वाटेल. हिशेबही करून बघा. एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमडी तीन, नेफ्रॉलॉजीचं (मूत्रपिंडविकारांचं) डीएम तीन. तोवर मुलगा पंचविशी ओलांडेल. त्याला उपचार आज हवेत. रामिप्रिलसारखं औषध लवकर सुरू केलं तर मूत्रपिंड निकामी होणं लांबतं. त्याच्या बाबतीत ते कधी सुरू करायचं, हे त्याच्या नेफ्रॉलॉजिस्टना विचारा.

मूत्रपिंडावरचं संशोधन डॉक्टरच करतात, हा तुमचा गैरसमज आहे. तुमच्या मुलाच्या आजाराचं मूळ तो जन्मण्याआधीच्या एका अदलाबदलीत आहे. गर्भात ग्लोमेरुलस, म्हणजे मूत्रपिंडातली गाळणी, तयार होताना तिच्या बेसमेंट मेम्ब्रेनमध्ये, म्हणजे गाळण्याच्या पातळ पडद्यात, आधी कोलॅजेन-४ या प्रथिनाच्या अल्फा-१ आणि अल्फा-२ साखळ्यांची जाळी असते. केशवाहिन्यांची वेटोळी बनू लागली की त्यांना बाहेरून वेढणाऱ्या पोडोसाइट पेशी अल्फा-३, ४, ५ अशी तीन पदरी जाळी विणतात आणि जुनी मागे पडते. पडद्यातलं लॅमिनिन हे दुसरं प्रथिनही असेच प्रकार बदलतं: आधी १११, मग ५११, शेवटी ५२१. अल्पोर्टमध्ये तिघांतला एक पदर सदोष असला की उरलेले दोनही नीट गुंफले जात नाहीत, आणि गर्भातलीच जाळी राहते. तिचे आडवे बंध कमी, त्यामुळे रक्ताच्या दाबाखाली ती वर्षानुवर्षं विरत जाते. हे उलगडण्यात विकासजीवशास्त्र आणि जैवरसायनशास्त्र शिकलेल्यांचा मोठा वाटा आहे. तुमची मुलगी नेमकं तेच मागते आहे.

मात्र या कामाला चिकाटी लागते, हे तिलाही कळू द्या. उंदराच्या गर्भाच्या गोठवलेल्या मूत्रपिंडाचे पाच-सात मायक्रॉनचे काप घ्यायचे, त्यांवर हवं ते प्रथिन पकडून सूक्ष्मदर्शकाखाली चमकणारी अँटिबॉडी लावायची. अल्फा-३ ची काही ठिकाणं जाळीच्या घडीत दडलेली असतात. आम्लात मिसळलेल्या युरियाने ती आधी उघडावी लागतात. ही पायरी राहिली तर काप काळाच दिसतो आणि नवखा विद्यार्थी 'प्रथिन नाही' असं लिहून मोकळा होतो. म्हणून त्याच स्लाइडवर निरोगी प्रौढ मूत्रपिंडाचा काप हवाच. तोही काळा दिसला, तर चूक पद्धतीत आहे. असे आठवडे वाया जातात. ते सोसायची तयारी आहे का, हे तिला विचारा. गुण विचारू नका.

वाट सरळ आहे: बीएस्सी पूर्ण, आयआयटी जॅम किंवा गॅट-बी देऊन एमएस्सी, मग सीएसआयआर-नेटची जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) आणि पीएचडी.

पण हे सगळं नंतर. अल्पोर्ट बहुतेक वेळा एक्स गुणसूत्रावरून येतो, आणि तसा असेल तर आई आणि बहीणही वाहक असू शकतात. वाहक बायकांच्या लघवीत डोळ्यांना न दिसणारं रक्त जातं आणि काहींची मूत्रपिंडं उतारवयात निकामीही होतात. तुमच्या पत्रात मुलीच्या तपासणीचा उल्लेखच नाही. याच आठवड्यात तिची आणि तिच्या आईची लघवी रक्त आणि प्रथिनांसाठी तपासून घ्या. उद्या मूत्रपिंड कोण देणार हा विषय घरात निघालाच, तर त्याआधी दोघींची जनुकीय तपासणी झालेली हवी.