पेंटागॉनसारखं गिऱ्हाईक असून बोइंगचा डिफेन्स विभाग तोट्यात कसा? शेअर घ्यावा का?

तुमचं म्हणणं असं की बोइंगच्या डिफेन्स, स्पेस अँड सिक्युरिटी विभागाचं मेन गिऱ्हाईक अमेरिकन सरकार, पैसे बुडायची भीती नाही, मग २०२४ ला एका वर्षात ५.४ अब्ज डॉलरचा तोटा होतोच कसा. एका शब्दात सांगायचं तर, उक्तं. नको ती कामं उक्ती घेतली.

मी विमानवाला नाही, शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी कटिंगची मशिनं) आणि वडिलांच्या काळातलं एक लेथ, पण हा आजार चांगला ओळखीचा आहे. मागं एका कंपनीचं फिक्श्चरचं, म्हणजे मशीनवर जॉब पकडून ठेवणाऱ्या सांगाड्याचं, काम उक्तं घेतलं होतं, म्हणजे डिझाईनपासून बसवून देईपर्यंत सगळ्याचा मिळून एकच आकडा, आणि रेट मुद्दाम खाली लावला कारण पहिला जॉब अंगावर आला तरी पुढच्या वीस जॉबमध्ये वसूल होईल असा हिशोब. मग ड्रॉइंगची रिव्हिजन ए, बी, सी करत ई पर्यंत गेली, मटेरियल दोनदा स्क्रॅप झालं आणि वीसपैकी तीन जॉब आले. बायको अजून त्या कामाला 'तुमचं समाजकार्य' म्हणते.

बोइंगचं तेच, फक्त शून्यं जास्त.

आधी हे समजून घ्या की हा विभाग बराचसा विकत घेऊन झालेला आहे. १९९६ ला रॉकवेलचा संरक्षण आणि अवकाशाचा धंदा घेतला, १९९७ ला मॅकडोनेल डग्लस, त्यातून सेंट लुईसचा फायटर विमानांचा कारखाना आला, अपाचे हेलिकॉप्टर आणि सी-१७ मालवाहू विमान पण तिकडचेच. आपल्याकडे हा माल भरपूर आहे. गोव्यात दाबोळीला कधी राखाडी रंगाचं, ७३७ सारखं दिसणारं नौदलाचं विमान बघितलं असेल तर ते पी-८आय, पाणबुड्या शोधणारं, आणि ते ७३७ सारखं दिसतं कारण ते ७३७ वरूनच बनवलंय. आपल्या नौदलाकडे अशी १२ आहेत.

आता मेन दुखणं, केसी-४६ टँकर. हवेतल्या हवेत दुसऱ्या विमानात इंधन भरणारं विमान, ७६७ वर बेतलेलं. २०११ ला एअरबसवाल्यांना खाली पाडून बोइंगने हे काम मिळवलं, डेव्हलपमेंटला वरची मर्यादा साधारण ४.९ अब्ज डॉलर, त्याच्या वर जाईल ते बोइंगच्या खिशातून. ७६७ तर आपलंच विमान, कितीसा खर्च येणार, असं वाटलं असणार. पण काम विमानात नव्हतं, नळीत होतं. जुन्या केसी-१३५ मध्ये ऑपरेटर शेपटाकडं पालथा झोपून खिडकीतून बघत नळी जोडतो. नव्यात त्याला कॉकपिटच्या मागं खुर्चीत बसवला, थ्रीडी चष्मा दिला आणि स्क्रीनवर कॅमेऱ्याचं चित्र. ऊन ठराविक कोनातून आलं की चित्र फटफटीत होतं, अंतराचा अंदाज चुकतो आणि नळीचं टोक समोरच्या विमानाच्या अंगावर घासतं, ते विमान स्टेल्थ, म्हणजे रडारला सहज न दिसणारं, असलं तर त्याचं कोटिंगच खरवडतं. अख्खी कॅमेरा सिस्टीम नव्यानं करायचं ठरलं, बोइंगच्या खर्चानं. पहिली १८ विमानं २०१७ ला द्यायची होती, पहिलं गेलं जानेवारी २०१९ ला, आणि लगेच हवाई दलाला आत पडलेली हत्यारं आणि कचरा सापडला म्हणून डिलिव्हरी थांबली. (आमच्याकडं टूलबोर्डवर एक पाना कमी दिसला तरी पोरगं घरी जात नाही, असो.) या एका टँकरवर आत्तापर्यंत ७ अब्जांच्या वर गेलेत.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या विमानाचं तसंच, २०१८ ला दोन ७४७ ३.९ अब्जांना उक्ती घेतली, वर २ अब्जांहून जास्त तोटा. नंतरच्या सीईओने, कॅल्हूनने, २०२२ ला कबूलच केलं की ही रिस्क घ्यायला नको होती.

अंतराळवीरांना नेणारं स्टारलायनर यान मात्र मी उक्त्याच्या खात्यात पूर्ण टाकणार नाही. २०१४ ला नासानं बोइंगला ४.२ अब्ज आणि स्पेसएक्सला २.६ अब्ज दिले, दोघांनाही उक्तंच, आणि कमी पैसेवाला आधी पोचला. स्पेसएक्सकडं मालवाहू ड्रॅगन यान आधीच उडत होतं, हा फरक मोठा. बोइंगच्या २०१९ च्या पहिल्या फेरीत यानाचं घड्याळ ११ तास चुकलं, त्यात भलतंच इंधन जळलं आणि अंतराळ स्थानक गाठताच आलं नाही. पुढं २०२४ ला सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर आठेक दिवसांसाठी गेले आणि नऊ महिन्यांनी स्पेसएक्सच्या यानातून परतले, स्टारलायनर रिकामंच उतरवलं. ते आपल्याकडं घरोघरी माहीत आहे.

एका वर्षात आकडा एवढा फुगतो त्याचं कारण हिशोबाच्या नियमात आहे. काम तोट्यात जाणार हे कळलं की पुढं होणारा सगळा तोटा आत्ताच्याच तिमाहीत दाखवावा लागतो, थोडाथोडा ढकलता येत नाही. म्हणून एखाद्या तिमाहीत धाडकन दोन-तीन अब्ज जातात.

उलट नासाच्या एसएलएस रॉकेटचा मुख्य भाग बोइंगच करते, तिथंही उशीर झाला, खर्च वाढला, पण ते काम खर्च अधिक नफा या बोलीवर, म्हणजे आपल्या भाषेत मटेरियल आणि मजुरी वेगळी, त्यामुळं भुर्दंड सरकारला. मार्च २०२५ ला मिळालेल्या एफ-४७ फायटरचं डेव्हलपमेंट पण याच बोलीवर आहे, त्यामुळं तिथं तरी टँकरसारखी कळ सोसावी लागणार नाही असं माझं मत.

आणि शेअर घ्यावा का ते मला विचारू नका, माझे वीसपैकी सतरा जॉब अजून यायचेत.