वडिलांचं नाव ज्येष्ठ नागरिक संघात घालायचं म्हणतोय. तिथे नेमकं काय चालतं आणि वेळेला माणसं उपयोगी पडतात का?

तुम्ही लिहिलंय की वडील ७४ वर्षांचे आहेत, कोथरूडला एकटे राहतात आणि आई गेल्यापासून बाहेर पडेनासे झालेत. मी पुण्यातल्या एका संघाचं कार्यवाहपद सांभाळतो, त्या अनुभवावरून सांगतो. वेळ नक्की जातो. वेळेला माणसं उपयोगी पडतील का, हे मात्र संघागणिक बदलतं, पण ते नाव घालण्याआधी तपासता येतं.

आधी एक फरक लक्षात घ्या. विरंगुळा केंद्र म्हणजे जागा, बहुतेक वेळा महापालिकेची, बागेत किंवा एखाद्या वास्तूच्या तळमजल्यावर. संघ म्हणजे सभासदांची नोंदणीकृत संस्था, जी त्या जागेत किंवा एखाद्या देवळाच्या सभामंडपात जमते. नुसत्या केंद्रात पेपर आणि कॅरम मिळेल. चौकशी करणारं माणूस संघात मिळतं. तिसरा प्रकार डे केअरचा. तिथे पगारी माणसं असतात आणि विस्मरणाचा आजार असलेल्यांना तिथेच ठेवावं. संघातले सगळे स्वतःच सत्तरीतले असतात, त्यांच्यावर कोणाला सांभाळायची जबाबदारी टाकू नये.

आता तपासायचं काय, तर रोज येणारा माणूस एक दिवस आला नाही तर संघ काय करतो. कार्यवाहांना सरळ विचारा आणि हजेरीची वही बघायला मागा. चांगल्या संघात एकाच गल्लीतल्या किंवा सोसायटीतल्या दहा-बारा सभासदांचा गट असतो आणि त्याचा एक गटप्रमुख. न कळवता कोणी आलं नाही की संध्याकाळी घरी जाण्याआधी गटप्रमुख फोन लावतो. दोनदा उचलला नाही तर शेजाऱ्यांना फोन, आणि शेजाऱ्यांकडे घराची एक किल्ली ठेवलेली. पडलेला माणूस रात्रभर फरशीवर राहिला तर हाड मोडण्याइतकाच धोका तहानेचा आणि थंडीचा असतो, म्हणून फोन त्याच दिवशी व्हायला हवा. ‘दोन-तीन दिवस वाट बघतो’ असं उत्तर आलं तर दुसरा संघ शोधा.

ही व्यवस्था फसते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे कडी. शेजाऱ्यांकडे लॅचची किल्ली आहे, पण वडील रात्री आतून कडी घालतात. मग त्या किल्लीचा काही उपयोग नाही. एकट्या माणसाने दाराला लॅच चांगलं बसवावं आणि कडी घालू नये. बाथरूमचीही कडी लावू नये, दार नुसतं लोटावं. दुसरं म्हणजे माहितीपत्रक. त्यावर रक्तगट, चालू गोळ्या मात्रेसकट, ॲलर्जी, नेहमीचे डॉक्टर आणि नातेवाइकांचे दोन नंबर असतात. हे सभासद होताना एकदा भरतात आणि मग कोणी बघत नाही. गोळ्या बदलतात, मुलाचा नंबर बदलतो. दरवर्षी वर्गणी भरताना ते नव्याने लिहून द्या आणि दोनपैकी एक नंबर पुण्यातल्याच माणसाचा द्या. परदेशातला मुलगा फोन उचलेल, पण हॉस्पिटलच्या दारात येऊन सही करू शकणार नाही.

कार्यक्रम बहुतेक ठिकाणी सारखेच असतात: सकाळी योगासनं किंवा हास्यक्लब, संध्याकाळी पाच ते सातच्या सुमारास बैठक, व्याख्यान, गाणी, महिन्याचे वाढदिवस, वर्षातून एक-दोन सहली. वर्गणी वर्षाला काही शे रुपये. यातला व्यायाम मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण पडणं टाळायला मांड्यांमध्ये जोर लागतो. खुर्चीवरून हात न टेकता उठणं आणि सावकाश बसणं, दहा वेळा, मध्ये विश्रांती, पुन्हा दहा. खुर्ची भिंतीला टेकवलेली हवी. गुळगुळीत फरशीवर प्लॅस्टिकची खुर्ची मागे सरकते आणि पडू नये म्हणून केलेल्या व्यायामातच माणूस पडतो. पायात चप्पल नको, बूट हवेत. श्वास रोखायचा नाही. उभं राहिल्यावर गरगरलं तर लगेच बसायचं आणि बीपीच्या गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलायचं. सहलीच्या दिवशी बरेच जण लघवीला लागेल म्हणून पाणी पीत नाहीत, लघवीची गोळीही परस्पर बंद करतात. त्यापेक्षा दर दीड-दोन तासांनी बस थांबेल का हे आधी विचारावं.

कागदपत्रांच्या कामात संघाची मोठी मदत होते. पेन्शनसाठी नोव्हेंबरमध्ये द्यावा लागणारा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो. वयामुळे बोटांचे ठसे पुसट झालेल्यांना हाच मार्ग बरा. आधार, पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर, बँक खाते क्रमांक आणि ओटीपी येणारा मोबाइल जवळ हवा. खिडकीकडे पाठ करून बसलं की चेहरा अंधारात जातो आणि दाखला निघत नाही. उजेड समोरून घ्या. वडिलांची सत्तरी उलटली आहे, त्यामुळे उत्पन्न कितीही असलं तरी सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येईल, त्यावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत होतात. ते भरती होण्यासाठी आहे, दवाखान्याच्या फीसाठी नाही, आणि यादीतल्याच हॉस्पिटलमध्ये चालतं. घराजवळचं कोणतं हॉस्पिटल यादीत आहे ते आजच बघून ठेवा. एसटीला ६५ ते ७५ वयात अर्धं तिकीट आणि ७५ पूर्ण झाल्यावर प्रवास मोफत, दोन्ही राज्याच्या हद्दीत. पुण्याच्या शहर बसला, म्हणजे पीएमपीला, ही सवलत लागू नाही, तिचा ज्येष्ठांचा पास वेगळा.

घरात छळ, पैशांची फसवणूक असं काही असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालते. तातडीची वेळ असेल तर मात्र थेट ११२, आणि रुग्णवाहिकेला १०८. मुलं सांभाळत नसतील तर आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या सांभाळासाठीच्या २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. चांगला संघ हा अर्ज लिहायला मदत करतो आणि सोबतही येतो.

राहिला प्रश्न वडील टिकतील का याचा. बरेच नवे सभासद दोन-चार दिवसांत यायचे बंद होतात. कारण बाके ठरलेली असतात, पत्त्यांचे डाव ठरलेले असतात, आणि नवा माणूस कडेला बसून पेपर वाचून परत जातो. ऐकू कमी येत असेल तर पंख्याखाली बसून त्याला काहीच कळत नाही आणि विचारायला संकोच वाटतो. म्हणून आधी कार्यवाहांना फोन करून सांगा की वडील अमुक दिवशी येणार आहेत आणि जवळ राहणाऱ्या एखाद्या सभासदाला त्यांना घरून सोबत घेऊन यायला सांगा. ‘बाबा, तुम्ही जा ना’ असं मुलाने म्हटलं तर ते टाळतील. शेजारचे काका दाराशी येऊन थांबले तर निघतील. पहिल्या आठवड्यात त्यांना एखादं काम मिळेल असंही बघा, वहीत हजेरी लिहिण्याचं किंवा वर्गणीच्या पावत्या फाडण्याचं. बँकेत किंवा सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला हिशोबनीस नेमायला आम्ही कायम तयार असतो, कारण दरवर्षी ऑडिट करून धर्मादाय कार्यालयात पाठवावं लागतं आणि ते करणारी माणसं कमी पडतात. पत्नी गेलेल्या माणसाला सणावाराची संध्याकाळ जड जाते, म्हणून सुरुवात दिवाळीच्या आधीच करा. पहिल्या दिवशी दोन फोटो, आधारची झेरॉक्स आणि गोळ्यांची यादी सोबत द्या. जागा जिना चढून असेल तर कठडा दोन्ही बाजूंनी आहे का आणि स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, हे तुम्ही आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा.